विकतची यंत्रे आणि घरची कारागिरी

चतुर्थीच्या दिवसांत धामापूरसारख्या गावातील घरे भरून जातात. मुंबई-पुण्याकडे गेलेली मुले परत येतात, ओटीवर गप्पा रंगतात आणि कोण काय करतो याची चौकशी होते. या चतुर्थीला शेजारच्या घरी एक तरुण आला होता. एका मोठ्या संस्थेत तो रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो. काम कसे चालले आहे, या साध्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर ऐकून ओटीवरची माणसे चकित झाली. त्याचे काम सात महिने बंद होते. ज्या यंत्रावर तो प्रयोग करतो त्याची किंमत काही कोटी रुपये आहे; परंतु त्याच्या पोटात सरकवायचा, नळकांड्यासारखा हातभर लांबीचा एक भाग बिघडला, तो दुरुस्तीसाठी परदेशी गेला आणि तो परत येईपर्यंत कोट्यवधींचे यंत्र व त्यावर अवलंबून असलेली चार-पाच मुले स्वस्थ बसून राहिली. मुलाच्या आजोबांनी सारा जन्म कुडाळात पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग करण्यात घालविला. त्या नळकांड्यात असते तरी काय, असे त्यांनी विचारले. तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, काही कपॅसिटर आणि एक फिरणारी नळी, असे मुलाने सांगितले. म्हातारबुवा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आणि ह्यां हय कोणाक करूक येणा नाय?”

हा प्रश्न भाबडा म्हणून हसण्यावारी नेता येईल. परंतु आपल्या प्रायोगिक विज्ञानाचे एक जुने दुखणे त्यात नेमके सापडते आणि म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. त्यासाठी ते नळकांडे, म्हणजे प्रोब, करते काय आणि ते करणे कठीण का, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ते यंत्र म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा वर्णपटमापक, बोलीभाषेत एनएमआर. रुग्णालयातील एमआरआय याच तत्त्वावर चालते. कित्येक अणूंची केंद्रे चिमुकल्या लोहचुंबकांसारखी वागतात. त्यांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरींनी डिवचले की ती क्षीण रेडिओसंदेश परत पाठवितात आणि त्या संदेशावरून अणू कोणाच्या शेजारी व कशा रीतीने बांधला गेला आहे हे कळते. अडचण आहे ती या संदेशाच्या क्षीणपणाची. ९.४ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून सुमारे दोन लाख पट प्रबळ असतो. अशा चुंबकातही, खोलीच्या तापमानाला, हायड्रोजनच्या दर दहा लाख केंद्रांमागे जमेच्या बाजूला जी अधिकता राहते ती केवळ ३२ केंद्रांची. बाकीची सम आणि विरुद्ध दिशांना तोंड करून परस्परांना निष्प्रभ करतात. कार्बनची स्थिती याहून केविलवाणी आहे. निसर्गातील कार्बनपैकी जेमतेम १.१ टक्का, म्हणजे कार्बन-१३, या पद्धतीला दिसतो आणि त्याच्या केंद्राचे चुंबकत्वही हायड्रोजनच्या साधारण चौथाईच असते.

पदार्थ घनरूप असेल तर अडचणीत भर पडते. द्रवातील रेणू सतत गडगडत असल्यामुळे शेजाऱ्यांचे चुंबकीय परिणाम सरासरीने पुसले जातात. घन पदार्थात ती सोय नाही. १९४५ मध्ये हार्वर्ड येथे पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आविष्कार प्रथम पाहिला तो मेणावर, म्हणजे घन पदार्थावरच. परंतु घन पदार्थातून मिळणारा संदेश इतका पसरट असतो की त्यातून रेणूचा तपशील वाचणे जवळजवळ अशक्य होते. यावरचा तोडगा १९५८ मध्ये वेल्समध्ये अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व १९५९ मध्ये अमेरिकेत लोव यांनी स्वतंत्रपणे दाखविला. पदार्थ एका नळीत भरून ती नळी चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून वेगाने फिरवावयाची. शास्त्रज्ञ याला जादूचा कोन म्हणतात. सावंतवाडीच्या लाकडी भोवऱ्यांशी खेळलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. हा भोवरा मात्र हवेच्या झोतावर तरंगतो आणि हवेच्याच झोताने फिरतो. नळी व तिचे घर यांतील फट केसाहूनही बारीक असते. आज ०.७ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या सेकंदाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. कोन अंशाच्या शतांश भागाने चुकला तरी काही प्रयोग बिघडतात. शाळा-महाविद्यालयांच्या कपाटात पडून असणारे पोटॅशियम ब्रोमाइड हे तो कोन जुळविण्याचे प्रचलित साधन आहे, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या शिक्षकांना गमतीची वाटेल.

पसरट संदेश टोकदार झाला. तो बळकट कसा करावा? १९७२-७३ मध्ये पाइन्स, गिबी आणि वॉ यांनी हायड्रोजनचे ध्रुवण कार्बनकडे वळविण्याची युक्ती काढली. तिने कार्बनचा संदेश जास्तीत जास्त चौपट होतो. खरी मोठी झेप आहे ती इलेक्ट्रॉनच्या आधाराची. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व हायड्रोजनच्या केंद्राच्या सुमारे ६५८ पट. ते ध्रुवण केंद्राकडे वळविता येईल, असे भाकीत १९५३ मध्ये ओव्हरहाउझर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने केले तेव्हा जाणत्यांनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून ते खरे ठरविले. तरीही प्रबळ चुंबकांत ही युक्ती वापरण्यास पुढे चार दशके जावी लागली, कारण त्यासाठी अतिशय उच्च कंप्रतेच्या सूक्ष्मलहरी लागतात. एमआयटीमधील ग्रिफिन यांच्या गटाने जायरोट्रॉन नावाचे साधन जोडून १९९३ मध्ये तो मार्ग मोकळा केला. आज पदार्थात इलेक्ट्रॉन पुरविणारा थोडा रासायनिक द्रव मिसळतात, तो उणे १७३ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवितात, त्यावर सूक्ष्मलहरी सोडतात आणि पदार्थ जादूच्या कोनात फिरत असतानाच संदेश ऐकतात. प्रत्यक्षात वाढ मिळते ती काही दहापटींपासून शे-दोनशे पटींपर्यंत.

या आकड्याचे महत्त्व समजण्यास थोडे अंकगणित पुरे आहे. एकच प्रयोग पुनःपुन्हा करून संदेश साठविला की तो गोंगाटातून वर येतो, परंतु पुनरावृत्तीच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे संदेश शंभरपट बळकट झाला तर वेळ दहा हजारपट वाचतो. जे आज एका दिवसात दिसते ते एरवी पाहावयास सत्तावीस वर्षे लागली असती. अल्झायमरच्या रोग्याच्या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांच्या तंतूंची घडण, उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरचा विरळ अणुथर, औषधाच्या गोळीतील स्फटिकांचे रूप, सिमेंटमधील सिलिकॉनची बांधणी, हे सारे प्रश्न या वाचलेल्या वेळात सुटतात किंवा सुटायचे राहतात.

आता त्या नळकांड्याकडे वळू. वरील सर्व जबाबदारी अखेर त्याच्यावर येऊन पडते आणि त्याच्याकडून मागितलेले गुण एकमेकांचे वैरी आहेत. वेटोळ्याने पदार्थाला अगदी लगटून बसले पाहिजे, कारण वेटोळे जितके लहान व भरलेले तितका संदेश स्पष्ट. पण त्याच वेटोळ्याच्या फटींतून सूक्ष्मलहरी आत शिरल्या पाहिजेत. २६३ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १.१४ मिलिमीटर, म्हणजे तारेच्या दोन वळ्यांतील अंतर आणि लहरीची लांबी एकाच मापाची. तार जाड घेतली, फटी अरुंद केल्या, तर रेडिओचे काम साधते आणि सूक्ष्मलहरी बाहेरच अडतात. फटी रुंद केल्या तर उलट घडते. शेकडो वॉट शक्तीचा झटका बसला की वेटोळ्याच्या टोकांशी काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि ठिणगी पडते. भोवती हेलियम वायू असेल तर ती अधिक लवकर पडते. शिवाय हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजन अशा तीन कंप्रता एकाच वेटोळ्यावर चालवावयाच्या आणि एकीचा गळका प्रवाह दुसरीत जाऊ द्यावयाचा नाही. विजेच्या क्षेत्राने ओल्या, खारट नमुन्याला उष्णता चढते; ती चढू नये म्हणून वेटोळ्याची घडणच बदलावी लागते. एकही स्क्रू चुंबकीय असता कामा नये. प्लास्टिकचा तुकडा वापरला तर त्यातील कार्बन आपलाच संदेश मिसळून मोकळा होतो. हे सगळे उणे १७३ अंशांना, आकसलेल्या धातूंनिशी आणि शेजारी पूर्ण वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्यानिशी टिकले पाहिजे. नळी फुटली तर तिचे घर व वेटोळे यांचा चुरा होतो. आमच्या शेजारच्या मुलाच्या वाट्याला हेच आले होते.

तेव्हा आजोबांच्या प्रश्नाचा पहिला भाग असा : हे वाइंडिंगच आहे, पण पंपाच्या मोटारीचे नव्हे. त्यात विद्युत्‌ अभियंता, वायुप्रवाहाचा जाणकार, सिरॅमिक घडविणारा, लेथवर शतांश मिलिमीटर पाळणारा आणि नमुना जाणणारा रसायनज्ञ एका टेबलाशी बसावे लागतात. कठीण आहे, परंतु गुप्त नाही. वेटोळ्याच्या संवेदनशीलतेचे मूळ गणित हौल्ट आणि रिचर्ड्‌स यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले, ते कोणीही वाचू शकतो.

मग आपल्याला हे कधी जमले नव्हते काय? या विद्येशी आपला संबंध पहिल्या पिढीपासूनचा आहे. मद्यार्काच्या रेणूतील तीन प्रकारचे हायड्रोजन तीन वेगळ्या शिखरांच्या रूपाने दाखविणारा १९५१ चा प्रसिद्ध शोधनिबंध आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांचा. त्यातील एस. एस. धर्मट्टी स्टॅनफर्डहून परतल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी या विषयाचा पाया घातला. १९७५ मध्ये अनिल कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी मांडलेली प्रतिमाचित्रणाची पद्धत आजच्या एमआरआयच्या मुळाशी आहे. म्हणजे कल्पनांच्या क्षेत्रात आपण मागे नव्हतो. क्षीण रेडिओसंदेश ऐकण्याची कारागिरीही महाराष्ट्राला अपरिचित नाही. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या महाकाय दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तारेच्या जाळीच्या स्वस्त व कल्पक रचनेने बनल्या. दूरच्या दीर्घिकांचा संदेश ऐकणारे ग्राहक ज्या देशात घडले, तेथे चिमूटभर भुकटीचा संदेश ऐकणारे वेटोळे घडू नये, यास तांत्रिक कारण नाही. सूक्ष्मलहरींच्या तंत्राला वाहिलेली ‘समीर’ ही संस्था १९८४ पासून पवईत आहे आणि पिलानीच्या प्रयोगशाळेने ४२ गिगाहर्ट्झच्या जायरोट्रॉनवर काम केलेले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक देशाने प्रत्येक वस्तू स्वतः करावी हा हट्ट महागडा ठरतो. आपण तो एके काळी पुष्कळ केला आणि त्याची किंमत मोजली. संशोधकाचे काम प्रश्न सोडविण्याचे, लेथ चालविण्याचे नव्हे. चांगले यंत्र विकत मिळत असेल तर ते घ्यावे आणि पुढे जावे. यात तथ्य आहे. अतिसंवाहक चुंबक येथेच ओतावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु हा युक्तिवाद बाजार सदैव उघडा राहील असे गृहीत धरतो. एनएमआर यंत्रे प्रथम बाजारात आणणारी अमेरिकेतील व्हेरियन कंपनी २०१० मध्ये अजिलेंटने घेतली आणि २०१४ मध्ये अजिलेंटने या व्यवसायातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. त्या यंत्रांचे चुंबक जागच्या जागी शाबूत राहिले, पण त्यांचे पालनपोषण करणारे घर मिटले. विक्रेते मोजके उरले की भाव त्यांचा, मुदत त्यांची आणि सुधारणाही त्यांच्याच वेळापत्रकाने. दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. विकत मिळणारे प्रोब सर्वसामान्य गरजेसाठी केलेले असते. ज्याला कोणी न विचारलेला प्रश्न विचारावयाचा आहे, त्याला कोणी न केलेले वेटोळे लागते. ते कोणत्याही यादीत नसते.

एस्टोनियाचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. बाल्टिक समुद्राकाठच्या या देशाची लोकसंख्या सुमारे तेरा लाख. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेनुसार साडेआठ लाख. सोव्हिएत अमलाखाली, परकीय चलन दुर्मीळ असताना, टालिन येथे एंडेल लिप्मा यांच्या गटाने स्वतःची प्रोब घडविली आणि १९८० मध्ये सिलिकेटांतील सिलिकॉनच्या अनुस्पंदनावर असे काम प्रसिद्ध केले की खनिजे व सिमेंट यांच्या अभ्यासकांना त्याची दखल घ्यावीच लागली. त्याच गटातील आगो समोसन यांनी पुढे अतिवेगवान भोवऱ्यांच्या क्षेत्रात जगभर नाव मिळविले. तेथे पैसा अमाप नव्हता. वर्कशॉप आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये भिंत नव्हती, एवढेच.

आपल्याकडे ती भिंत आहे आणि ती विटांची नाही. लिहिणाऱ्या हाताला मान आणि घडविणाऱ्या हाताला हजेरीपट, ही आपली जुनी वाटणी विद्यापीठांतही शिरली आहे. शोधनिबंधाला गुण मिळतात; वर्षभर खपून केलेल्या उपकरणाला नाहीत. काचकाम करणारा किंवा उत्तम फिटर निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही आणि त्याच्याबरोबर तीस वर्षांचे ज्ञान घरी जाते. कोट्यवधींची खरेदी एका बैठकीत मंजूर होते. काही लाखांच्या लेथसाठी मात्र पुनःपुन्हा कारणे द्यावी लागतात. खरेदीचा दोष कोणाच्या माथी येत नाही, घडविण्यात अपयश आले तर ते नावानिशी येते. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस खरेदीच करील.

उपाय अशक्यप्राय नाहीत. सबंध यंत्र करण्याची प्रतिज्ञा नको. प्रोबपासून आरंभ करावा, कारण चुंबक तोच ठेवून सर्वांत अधिक लाभ देणारा भाग तोच. आधी दुरुस्ती, मग नक्कल, मग नवे, हा कारागिराचा शिक्षणक्रम येथेही लागू आहे. साध्या दुहेरी कंप्रतेच्या, खोलीच्या तापमानाच्या प्रोबवर हात बसल्याखेरीज गोठवलेल्या, सूक्ष्मलहरींच्या प्रोबला हात घालू नये. मुंबई-पुण्याच्या परिसरात एखादे सामाईक वर्कशॉप असावे आणि देशातील प्रयोगशाळांनी आपली बिघडलेली प्रोब तेथे पाठवावीत. कोट्यवधींचे यंत्र घेताना आराखडे, सुटे भाग आणि येथील माणसांना दुरुस्तीचे शिक्षण या अटी करारातच लिहाव्यात. उपकरण घडवून त्याचे मोजमाप नीट मांडणाऱ्या विद्यार्थ्याला पीएच.डी. देताना कोणी नाक मुरडू नये आणि वेटोळे गुंडाळणाऱ्याचे नाव निबंधाच्या अखेरच्या आभारात नव्हे, तर लेखकांच्या ओळीत असावे. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी दोघांना जरी असे काम मिळाले, तरी ‘संशोधन’ हा शब्द त्यांच्या घरी वेगळ्या अर्थाने उच्चारला जाईल.

धामापूरचा तलाव १५३० मध्ये विजयनगरच्या अमलातील नागेश देसाई यांनी बांधल्याचे सांगतात. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हा गावाला साहजिकच अभिमान वाटला. बांधविणाऱ्याचे नाव टिकले. माती धुमसणाऱ्या, दगड रचणाऱ्या हातांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. मात्र मातीचा बांध एकदा बांधून संपत नाही. दर पावसाळ्यानंतर कोणीतरी त्यावरून फिरावे लागते, कोठे पाझर आहे ते पाहावे लागते, खचलेले भरावे लागते. पाच शतके पाणी टिकले ते ही विद्या जवळपासच्या माणसांच्या हाती होती म्हणून. बांध दुरुस्त करणारा माणूस समुद्रापलीकडून यावा लागला असता, तर आज देवी भगवतीच्या मंदिरासमोर तलावाऐवजी त्याची आठवण उरली असती.

आमच्या शेजारचा मुलगा अनंत चतुर्दशीनंतर परत गेला. निघताना त्याने आजोबांना मोबाइलवर त्या वेटोळ्याचे छायाचित्र दाखविले. त्यांनी चष्मा लावून वळ्या मोजल्या आणि तारेची जाडी विचारली. त्यांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्यांना कोणी दिले नाही, ते येथे देऊन ठेवतो : करता येते, शिकायला काही वर्षे लागतील. आजवर ते करायला कोणाला सांगितलेलेच नाही.